पिवळी भिंत की निळी

या, असे जवळ सरका. दारापाशी कशाला बसता, आत पुष्कळ जागा आहे. मांडी जरा आवरून घ्या म्हणजे मागच्या मंडळींनाही ऐकू येईल. आज तुम्हाला एका भिंतीची गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, राजाराणीची तर नाहीच. चुन्याच्या साध्या भिंतीची. पण ज्यांनी कीर्तनं ऐकली आहेत त्यांना ठाऊक आहे, बुवा निरांजनातल्या वातीपासून सुरुवात करतात आणि ऐकता ऐकता आपल्याला कुठल्या कुठे नेऊन सोडतात. आपणही भिंतीपासून निघू. पोचवणारा पोचवील.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही हकिकत. घनसावंगीत बद्रीनाथ नावाचा एक शेतकरी होता. बरी जमीन, कापसाचं पीक, दोन बैलजोड्या. माणूस सरळ, देवभोळा. गावात कुठेही टाळ वाजला की हा जेवत्या ताटावरून उठायचा. कुणाचं वाईट त्यानं केलं नाही, कुणाला उपाशी दारातून परत धाडलं नाही. एकच गोष्ट होती. घरात आपल्याशिवाय आणखी कुणाला मत असतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. बैलांना झूल कोणत्या रंगाची, सुनेच्या हातात बांगड्या कोणत्या, आमटीत चिंच किती, सगळं तो सांगायचा. रागावून नाही हं, अगदी प्रेमानं. सूर्य उगवतो तसा त्याचा शब्द निघायचा आणि घर त्या उजेडात चालायचं.

त्याची बायको चतुराबाई. कामाला वाघीण, बोलायला गाय. बाजारात कापड घ्यायला गेली आणि दुकानदारानं विचारलं, "बाई, हिरवं काढू का जांभळं?" तर हिचं उत्तर ठरलेलं, "मला काय कळतंय? त्यांना इचारा." कुणी विचारलं, यंदा पापड कधी करायचे? "त्यांना इचारा." गल्लीतल्या पोरी खेळताना एकमेकींची नक्कल करायच्या, पदर दातात धरून म्हणायच्या, "त्यांना इचाराऽ!" चतुराबाईच्या कानावर हे जायचं आणि ती हसायची. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मात्र तिला समजत नसे.

त्या वर्षी कापूस चांगला पिकला. खाली मुलाचा, रामकिसनचा, संसार वाढला होता, नातवंडांनी घर भरलं होतं. म्हणून बद्रीनाथानं माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या धाब्यावर, एक खोली बांधायला काढली. म्हातारा-म्हातारीनं वर राहायचं. भिंती उभ्या राहिल्या, गिलावा झाला. रंग तेवढा राहिला होता. अक्षय तृतीयेला वास्तू करून आत जायचं, असं ठरलं होतं.

आणि मधेच रामनवमीचा उत्सव आला.

मारुतीच्या देवळापुढे मांडव पडला. गोदाकाठचे एक बुवा कीर्तनाला आले होते. आवाज असा, की तार लागल्यावर झाडावरची पाखरंसुद्धा गप्प बसावीत. शेवटच्या दिवशी त्यांनी एक दृष्टान्त सांगितला. एक बाई होती. रोज देवाला दुधाचा नैवेद्य दाखवायची, पण आधी वरची साय काढून फडताळात ठेवायची आणि मग दूध देवापुढे. एके दिवशी देव बोलला, "बाई, दूध तूच पी. ती फडताळातली साय तेवढी मला दे." बुवा एवढंच म्हणाले, झांज वाजवली आणि हसत उभे राहिले. मांडवात सगळ्यांना आपापलं फडताळ आठवलं.

आरती झाली, बुक्का लावला, आणि मंडळी एकेक करून नेम घ्यायला पुढे आली. कुणी तंबाखू सोडली, कुणी वर्षभरासाठी कांदा. बद्रीनाथ पुढे झाला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "महाराज, म्या वांगं सोडलं. जन्मभर!"

बायकांच्या बाजूनं लगेच आवाज आला, "बुवा, ऐकू नका त्याचं! त्यो वांगं खातच न्हाई. लहानपणापासून खाज सुटती त्याला!"

ही गोजरबाई. बद्रीनाथाची थोरली बहीण. वैधव्य आल्यापासून भावाच्या शेजारीच राहायची. तिच्या जिभेला गावचा पाटीलसुद्धा वचकून असे.

मांडव खो खो हसला. बद्रीनाथाचे कान लाल झाले. बुवा मात्र हसले नाहीत, मायेनं म्हणाले, "बद्रीनाथराव, वांगं म्हणजे दूधच झालं की हो. साय कुठाय?"

"मंग काय सोडू महाराज? गूळ सोडतो."

"घरात तुम्हाला सगळ्यांत गोड काय लागतं?"

बद्रीनाथ विचारात पडला. गोजरबाईला विचार करायची गरज नव्हती. "त्याचा सोताचा शब्द!" ती ओरडली. "त्याच्याहून गोड काईच लागत न्हाई त्याला!"

आता बुवाही हसले. म्हणाले, "ताईंनी साय दाखवली. ऐका तर. माळवदावर नवी खोली बांधताय, असं कानावर आलंय. त्या खोलीपुरता आपला शब्द सोडा. भिंतीला रंग कोणता, ते घरच्या बाईंनी सांगायचं. आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, त्यांच्या स्वतःच्या मनातलं. ते सांगेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. जमेल?"

"एवढंच ना?" बद्रीनाथ म्हणाला. "सोडला!" आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवून हलक्या मनानं घरी आला. वांग्याइतकंच सोपं आहे, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई भाकरी थापत होती. चुलीपुढे बसून त्यानं विचारलं, "आगं, वरच्या खोलीला रंग कोणता द्यायचा?"

नेम तिनंही बायकांत बसून ऐकला होता. नवऱ्यानं देवापुढे शब्द दिलाय तर तो पार पाडणं आपलं काम, हे तिनं मनाशी धरलंच होतं. तिनं परातीवरून मान वर केली आणि अगदी मनापासून म्हणाली, "तुमचा नेम मोडाया नको. तुमी सांगा कोणता सांगू, म्या बराबर त्योच सांगते."

बद्रीनाथानं कपाळावर हात मारला. तव्यावरची भाकरी करपली.

मग तो जालन्याला गेला, रंग आणायला. दुकानदारानं पुड्या पुढे टाकल्या. ही रामरज, पिवळीधम्मक माती. ही नीळ. दोन्ही चुन्यात कालवायच्या. "कोणता बांधू?" दुकानदार म्हणाला. एरवी बद्रीनाथानं दुकानदाराचं वाक्य पुरं होऊ दिलं नसतं. त्याचं बोट पिवळ्याकडे निघालंसुद्धा होतं. पण त्यानं ते बोट दुसऱ्या हातानं धरलं आणि म्हणाला, "दोन्ही बांधा." बरोबर बाजाराला आलेला एक गाववाला तोंडाकडे बघत राहिला. "बद्रीनाथराव, तब्येत बरी हाये ना?"

रंगारी अंबडहून आला. मच्छिंद्र त्याचं नाव. बोलका गडी, कुंचा भिंतीवर आणि जीभ गावावर फिरवणारा. त्यानं समोरची भिंत निवडली. डाव्या अंगाला, जिथे खिडकी होती, तिथे पिवळ्याचा हात दिला, उजव्या अंगाला निळ्याचा. दोन पट्टे शेजारीशेजारी. म्हणाला, "घ्या, बघा आन सांगा. जल्दी सांगा, अंबडात दुसरं काम पडून राह्यलंय माझं."

ओला चुना हा मोठा लबाड असतो. ओलेपणी पिवळा पट्टा खंडोबाच्या भंडाऱ्यासारखा दिसत होता आणि निळा कसा, तर भांडी विसळलेल्या पाण्यासारखा. घरातले सगळे दारात गोळा झाले. रामकिसन म्हणाला, पिवळा. सून हळूच म्हणाली, पिवळा. मच्छिंद्र म्हणाला, "पिवळ्याला तोड न्हाई." बद्रीनाथ उंबऱ्याबाहेर उभा. त्यानं उपरण्याचा बोळा तोंडाशी धरला होता, न जाणो शब्द निसटायचा. पण डोळ्यांना बोळा कुठून लावणार? ते पिवळ्यावरून हलत नव्हते.

चतुराबाई खोलीच्या मधोमध उभी होती. "सांग," बद्रीनाथ म्हणाला.

"पिवळा," ती म्हणाली.

बद्रीनाथाचा चेहरा उजळला. "मच्छिंद्रा, काढ कुंचा!" त्यानं एक पाय उचललाही.

"थांब रे बद्र्या," गोजरबाई म्हणाली. "चतुरा, तू भिंतीकडं पाहिलंस का?"

"पाहिलं की."

"कवा पाहिलंस? म्या तुझ्याकडंच बघून राह्यले व्हते. तू बद्रीच्या तोंडाकडं पाहिलंस आन बोललीस. भिंत काळी असती तरी तुला पत्ता लागला नसता."

 बद्रीनाथाचा पाय अधांतरीच राहिला. खरं म्हणजे त्यानं तो आत टाकला असता तरी कुणी त्याला बोल लावला नसता. बायकोनं सांगितलं होतं, चारचौघांनी ऐकलं होतं. पण माणूस खोटा नव्हता. त्यानं पाय मागे घेतला आणि विचारलं, "खरं हाये का गं?"

"तुमाला आवडला ना?" चतुराबाई गोंधळून म्हणाली. "मंग मलाबी आवडला. त्यात काय येगळं?"

"मंग न्हाई चालायचं," बद्रीनाथ म्हणाला आणि जिना उतरून गेला.

चतुराबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवऱ्याचा नेम तिच्यामुळे अडला होता. आपल्या मनातलं सांगायचं, म्हणजे काय करायचं? तिला नवऱ्याचं मन कळत असे. तो बाजारातून आला की चपलांच्या आवाजावरून ती ओळखायची, आज ताक हवं की पाणी. सासूचं मन तिनं मरेपर्यंत ओळखलं. जनावराच्या डोळ्यातलं तिला कळायचं. पण आपल्या आत वाकून बघायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि तिथे कुणी असेल असंही तिला वाटत नव्हतं.

गावात मात्र गोष्ट पसरली. विहिरीवर बायका दोन बाजूंना वाटल्या गेल्या. एक म्हणाली, पिवळ्यात ऊब असती. दुसरी म्हणाली, ऊब घेऊन काय वैशाखात भाजून घ्यायचं? चतुराबाई घागर भरून घेऊन चालू लागली, की मागून कुणीतरी ओरडायचं, "चतुराबाई, ठरलं का?" ती म्हणायची, "त्यांना—" आणि मधेच थांबायची. आता तेही म्हणायची सोय राहिली नव्हती.

दोन दिवसांत चुना वाळला. वाळला तसा निळा पट्टा मळकेपणा टाकून वर आला. उन्हाळ्यात भल्या पहाटे, पाखरं उठायच्या आधी आभाळ जसं असतं, तसा. पिवळाही वाळून खुलला, दुपारी खिडकीतून उजेड आला की सगळी खोली सोन्याची व्हायची. दोन्ही रंग आपापल्या जागी देखणे. एक म्हणजे लग्नघर आणि दुसरा म्हणजे लग्न आटोपल्यानंतरचं घर.

खाली नातवंडांचा गोंगाट असायचा म्हणून दुपारचं काम आटोपलं की चतुराबाई वाकळ शिवायला वर जाऊ लागली. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, सुई घ्यायची आणि टाके घालत बसायचं. मच्छिंद्रानं तोवर बाहेरच्या भिंती, कोनाडे, जिना असं बाकीचं काम उरकायला घेतलं होतं. बद्रीनाथ अधूनमधून जिना चढून यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, खोकायचा.

"काय ठरलं का?"

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "न्हाई बा." दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर एकदा मात्र सुई चालती ठेवून म्हणाली, "इचार करून राह्यले."

बद्रीनाथ तसाच खाली उतरला आणि थेट पारावर गेला. तिथे बसलेल्यांना म्हणाला, "आमच्या घरी इचार चालू हाये." कुणाला काही समजलं नाही. पण त्याच्या सांगण्यात तक्रार किती आणि मिरवणं किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी गोजरबाई वर आली. चतुराबाई भिंतीशी पाठ टेकून शिवत होती. गोजरबाई समोर बसली, पान जुळवलं, खाल्लं, आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "तू रोज हितंच बसतीस का गं?"

"कुठं?"

"हितं. निळ्यापाशी. काल आले तवाबी हितंच व्हतीस. परवाबी."

चतुराबाईनं मागे वळून पाहिलं. पाठीशी निळा पट्टा होता. "तसं न्हाई आक्का. हितं वारा येतो."

गोजरबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. "वारा येतो? आगं खिडकी तर त्या पिवळ्यात हाये! हितं तू घामानं थबथबून राह्यलीस, आन म्हणं वारा येतो!"

चतुराबाईनं कपाळाला हात लावून पाहिला. खरंच घाम होता. ती भिंतीकडे बघत राहिली. चोरी उघडी पडावी तसा तिचा चेहरा झाला. एवढे दिवस कुणीतरी रोज तिची चटई उचलून ह्या बाजूला आणून टाकत होतं आणि ते कुणीतरी तीच होती.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नका."

"काउन?"

"त्यांना पिवळा आवडतो."

"मंग?"

"मंग काय? त्यांना जन्मभर हितं निजायचंय."

"आन तुला कुठं निजायचंय? विहिरीवर?"

 चतुराबाईनं सुईत दोरा ओवायला घेतला, पण दोरा काही सुईत जाईना.

गोजरबाईची जीभ म्हणजे गावची दवंडी. पण त्या दिवशी ती जिना उतरली, अंगणात भाऊ बैलाला पाणी पाजत होता त्याच्यासमोर उभी राहिली, तोंड उघडलं आणि मिटलं. "काय गं आक्का?" बद्रीनाथ म्हणाला. "काई न्हाई. बैल चांगला दिसून राह्यला," ती म्हणाली आणि घरी गेली. एवढं मोठं गुपित तिनं पोटात कसं ठेवलं, ते तिचं तिला माहीत. पण तिला कळलं होतं, हे आपण सांगून भागणार नाही, चतुरानंच सांगायला हवं.

अक्षय तृतीया जवळ आली. मच्छिंद्रानं एका सकाळी कुंचे धुतले, बांधले आणि सांगून टाकलं, "बद्रीनाथराव, आज दुपारच्या आत काय ते सांगा. न्हाई तर म्या चाललो अंबडला. मंग वास्तू करा दोन ठिगळांच्या खोलीत. तुमचा चुना मुरून मुरून लोणी झालाय, पर मालकीणबाईचं मन काई मुरंना!"

बद्रीनाथ घाबरला. आयुष्यात त्यानं देवाला दिलेला शब्द मोडला नव्हता. त्याच्या मनात एकदा येऊन गेलं, जाऊ द्या, बुवा काय बघायला येताहेत? पण बघणारा बुवांच्याही पलीकडचा होता. तो जिना चढला आणि उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. मागोमाग मच्छिंद्र, रामकिसन, सून, आणि सगळ्यांना बाजूला सारून गोजरबाई.

चतुराबाई आत होती. वाकळ घडी करून बाजूला ठेवलेली.

"रामकिसनच्या माय," बद्रीनाथ म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "म्या तुला हुकूम करून न्हाई राह्यलो. इनंती हाये. माझ्यासाठी सांगू नको. तुझं सांग."

चतुराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच. तेवढ्यात तिला त्याचा चेहरा वाचता आला असता, तिला अक्षरओळख नव्हती पण ते पान तोंडपाठ होतं. मग तिनं एक केलं, जे तिनं लग्नाच्या दिवसापासून कधी केलं नव्हतं. ती वळली. चारचौघांत, सुनेच्या देखत, नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर फक्त भिंत राहिली.

 खाली बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती ती ऐकू येत होती.

"निळा," ती म्हणाली.

 बद्रीनाथानं विचारलं, "काउन?"

"काउन ते मला न्हाई सांगता येत," ती भिंतीशीच बोलत होती. "त्याच्यापाशी बसलं की बरं वाटतं. मला."

शेवटचा शब्द तिनं इतका हळू उच्चारला, की तो ऐकायला गोजरबाईनं मान पुढे काढली.

आता बद्रीनाथाकडे पाहा. त्या माणसाला निळा रंग मुळीच आवडत नव्हता. कुठल्याशा दवाखान्याच्या भिंती त्यानं तशा पाहिल्या होत्या आणि तो रंग पाहिला की त्याला औषधाचा वास यायचा. कितीतरी रात्री खाली ओसरीत पडल्या पडल्या त्यानं पिवळ्या खोलीचं चित्र मनात रंगवलं होतं. कोनाड्यात समई, भंडाऱ्यासारख्या भिंती, सकाळी उठलं की डोळ्यापुढे सोनं. बायको एक दिवस आपलं मन सांगेल हे त्यानं धरलं होतं, पण ते मन आपल्यापेक्षा वेगळं निघेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. त्याच्या तोंडात 'पण' आला. घशातून वर येऊन अगदी दातांपर्यंत आला. सगळ्यांनी तो पाहिला. ओठ उघडले. त्यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, जसा पुरातला माणूस झाड धरतो.

आणि बद्रीनाथानं तो 'पण' गिळला. खाली उतरताना तो त्याच्या गळ्यात स्पष्ट दिसला.

मग तो मच्छिंद्रावर खेकसला, "बघून काय राह्यलास? ऐकू आलं न्हाई का? निळा म्हणली ती! आन हात आखडू नको. खर्चा होऊ दे. कोपऱ्याकोपऱ्यात गेला पाहिजे."

"आता बघा," मच्छिंद्र म्हणाला आणि कुंचे सोडायला बसला. "एकदाचं आभाळ मोकळं झालं!"

चतुराबाई अजून पाठमोरीच होती. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, हे सुनेलाही कळलं नाही. बद्रीनाथ उंबऱ्याशी घुटमळला. नेम पुरा झाला होता, आता आत जायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी तो म्हणाला, "म्या आत येऊ का?"

चतुराबाईनं पदरानं तोंड पुसलं, वळून पाहिलं. "या की," ती म्हणाली, "पर पायातलं काढून या. जमीन कालच सारवलीय."

गोजरबाई टाळी वाजवून म्हणाली, "बद्र्या, गेलं रे तुझं राज्य!"

बद्रीनाथानं वहाणा काढल्या आणि आत गेला.

अक्षय तृतीयेला वास्तू झाली. पुरणाच्या पोळ्या झाल्या, आंब्याचा रस झाला, गावानं येऊन खोली पाहिली. विहिरीवरचं पिवळ्याकडचं मंडळ म्हणालं, बरी आहे, पण पिवळी असती तर. उरलेली रामरज गोजरबाई सरळ उचलून आपल्या घरी घेऊन गेली, कुणालाही न विचारता. तिला कधी कुणी नेम दिलाच नव्हता.

त्या दुपारी पाहुणे पांगल्यावर दोघं नवरा-बायको वर जाऊन आडवी झाली. बाहेर उन्हाचा कहर, आणि आत ती चार भिंतींची पहाट. बद्रीनाथ बराच वेळ छताकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. खोलीच्या रंगाबद्दल बोलायचं नव्हतंच त्याला, पण निघून गेलं.

"आगं, दवाखान्यात पडल्यासारखं वाटून राह्यलंय मला."

चतुराबाईचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "मंग पडून ऱ्हावा गुमान. बरे व्हाल."

बद्रीनाथ उठून बसला. त्यानं बायकोकडे असं पाहिलं, जसं एखाद्यानं आपल्या रोजच्या विहिरीत वाकून बघावं आणि आत दुसराच झरा वाहताना दिसावा. आणि मग तो हसायला लागला. असा हसला, की खाली रामकिसनच्या पोरांनी खेळ थांबवून वर पाहिलं. मग त्याच्या हसण्यात तिचंही हसणं मिसळलं.

"आणखी काई हाये का तुझ्या मनात?" त्यानं डोळे पुसत विचारलं. "असलं तर सांगून टाक एकडाव."

"हाये," ती म्हणाली. "पुष्कळ हाये. पर आता झोपा. चहाच्या वक्ताला सांगते."

आणि तिनं सांगितलं. एकदम सगळं नाही. रोज थोडं थोडं. दुधी भोपळा तिला कधी आवडलाच नव्हता. जातं खिडकीशी असतं तर बरं झालं असतं. गोदावरी जवळ असून तिनं ती एकदाच पाहिली होती, आणि तिला पुन्हा पाहायची होती. बद्रीनाथ ऐकायचा. कधी कधी त्याच्या गळ्यात तो 'पण' वरखाली होताना दिसायचा. पुढे पुढे तोही कमी झाला. संध्याकाळी ती दोघं माळवदावर बसलेली रस्त्यावरून दिसायची, आणि येणारे-जाणारे सांगायचे, की बोलायची ती आणि मान हलवायचा तो.

देवाला काय द्यायचं, हे आपण जन्मभर शोधतो. फुलं देतो, नारळ देतो, न आवडणारं वांगं देतो. बद्रीनाथानं एक शब्द दिला, आणि तो शब्द चतुराबाईच्या तोंडी प्रसाद होऊन परत आला. ह्याच्यापेक्षा मोठं निरूपण मला येत नाही.

तर मंडळी, आता उठाल, घरोघर जाल. सणावाराला तुमच्याकडेही चुना भिजेल, पुड्या सुटतील, कुणीतरी विचारील कोणता रंग. तेव्हा घटकाभर हात थांबवा आणि त्या माउलीला आठवा, जी सगळ्यांकडे पाठ करून भिंतीसमोर उभी राहिली आणि आपल्या मनातलं बोलली. चतुराबाई तिचं नाव. विसरू नका.